‘तिथे बघायला काही नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी एका गृहस्थांनी त्यांच्या युरोप सहलीचा कार्यक्रम टाकला. नेदरलँड्सच्या वाट्याला दीड दिवस. अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे, ट्युलिपची बाग, पवनचक्क्या, चीजचं दुकान, गिथॉर्नची बोट. मी आपलं आपुलकीनं लिहिलं की एक रात्र वाढवता आली तर एंकहौझन या छोट्या बंदराच्या गावी राहा. त्यावर उत्तर आलं, "टूरवाल्याला विचारलं. तो म्हणतो तिथे बघायला काही नाही." त्याच्याखाली लगेच पाच-सहा अंगठे.

ग्रुपवर भांडत नाही मी, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे.

काही नाही म्हणजे काय हो? अ‍ॅमस्टरडॅमहून थेट गाडी आहे, तासाभराचा रस्ता. एंकहौझन हे शेवटचं स्टेशन. रूळ तिथेच संपतात आणि उतरलं की समोर बंदर, शिडाच्या जुन्या बोटी, डोलकाठ्यांची गर्दी. पाच मिनिटं चाललं की ड्रोमेडारिस, 1540 साली बांधलेला बंदराच्या तोंडावरचा बुरूज, त्यात सतराव्या शतकातल्या घंटा. गावच्या चिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत, मुकुट घातलेले. ज्या माशांवर गाव जगलं ते मासे त्यांनी राजासारखे मिरवले. मी वेंगुर्ल्याकडची. माशाला मुकुट घालणारं गाव मला पहिल्या दहा मिनिटांतच आवडलं होतं.

पण मी तिथे अडकले ती झौडरझे संग्रहालयात, एका आजोबांपाशी.

या संग्रहालयाचा एक भाग उघड्यावर आहे. झौडरझे नावाच्या जुन्या समुद्राच्या काठच्या गावांमधली शंभराहून जास्त घरं, दुकानं, भट्ट्या तिथे आणून उभ्या केल्यात. काही इमारती विटा-लाकडांवर खुणा करून सोडवल्या आणि पुन्हा रचल्या, काही तर अख्ख्याच्या अख्ख्या पाण्यावरून आणल्या. कोळ्याचं घर, धोब्याचं घर, शिडं शिवणाऱ्याचं दुकान, दोर वळायची जागा. कपाटात बसवलेले पलंग, इतके आखूड की पाय पसरून झोपताच येऊ नये. आणि स्टेशनजवळून बोटीनं गेलात तर आधी दिसतात चुन्याच्या भट्ट्या, शिंपले जाळून चुना करायच्या. कोकणातल्या कुणालाही त्या भट्ट्यांसमोर थांबावंच लागेल. आपल्याकडची किती जुनी घरं शिंपल्यांच्या चुन्यात उभी आहेत!

तर ते आजोबा. एका घराच्या पडवीवजा जागेत जाळं गुडघ्यावर घेऊन बसले होते. हातात जाळं विणायची लाकडी सुई, सुतानं भरलेली, वापरून वापरून काळी पडलेली. जाळ्याच्या फाटक्या घरापाशी डाव्या हाताच्या दोन बोटांवर सूत ताणायचं, सुई खालून घालायची, गाठ ओढायची, बोट काढायचं, पुढचं घर. बघत उभी राहिले. माझे मामा अंगणात बसून असंच करायचे, तीच दोन बोटं, गाठ ओढताना खांद्याला तोच हलका झटका. मी आजोबांना तसं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, सरकून बाजूला जागा केली आणि सुई माझ्या हातात दिली.

टूरवाल्याच्या कागदावर याच्यासाठी रकाना नाही. बस पार्किंगला उभी असते, गाईड छत्री वर करून बोलावत असतो, पुढच्या गावी जेवणाची वेळ ठरलेली असते. चीजच्या दुकानात बरोबर पाऊण तास देतात, कारण तिथे खरेदी होते. म्हाताऱ्या माणसाशेजारी पडवीत बसून कुणाला कमिशन मिळणार?

मान्य आहे, सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन जायचं तर टूरच बरी पडते. जेवणाखाण्याची चिंता नाही, बॅगा ओढायच्या नाहीत. तेवढं सोडलं तर मला हे पटत नाही म्हणजे नाही. आयुष्यभर बचत करून माणूस एकदा इतक्या लांब जातो आणि काय बघायचं हे त्याला असा माणूस सांगतो ज्याला ते गाव बघायची कधी इच्छाच झालेली नाही!

आजोबांकडे परत येते. त्यांनी मला गाठी मारता मारता समुद्र कसा गेला ते सांगितलं. हो, समुद्र गेला. एंकहौझन ज्या पाण्याच्या काठावर आहे ती पूर्वी झौडरझे होती, उत्तर समुद्राची आत घुसलेली खारी खाडी. 1916 च्या जानेवारीत वादळात बांध फुटले, गावंच्या गावं पाण्याखाली गेली. कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरचा आराखडा आधीपासून तयार होता. 1918 साली कायदा झाला आणि 1932 च्या मे महिन्यात बत्तीस किलोमीटर लांबीच्या बांधानं खाडीचं तोंड बंद केलं. आत राहिलं ते हळूहळू गोडं झालं. आता त्याला आयसलमेर म्हणतात, तळं. पुढे त्यातलाच मोठा भाग आटवून शेतजमीन केली, शहरं वसवली.

पुरापासून देश वाचला हे खरंच आहे. कोण नाही म्हणेल? पण आजोबांचे आजोबा हेरिंग धरायचे. पाणी गोडं झालं तशी हेरिंग गेली. वाम राहिली, तीही सगळ्यांना पुरेल इतकी नव्हती. या आजोबांचे वडील तेव्हा हाताशी आलेले पोरगे होते, ते होडीवर चढायच्या ऐवजी बांधकामावर गेले. "माझ्या आजोबांनी होडी विकली, जाळं नाही विकलं," एवढंच म्हणाले. सरकारनं कोळ्यांसाठी मदतीचा कायदा केला होता, तरी मदत म्हणजे समुद्र नव्हे.

आणि म्हणून ते संग्रहालय आहे. गेलेल्या समुद्राकाठी माणसं कशी राहायची, काय खायची, कुठे झोपायची, मूल आजारी पडलं की काय करायची, ते सगळं जपायचं ठरवलं त्यांनी. राजाचा मुकुट नाही ठेवलेला तिथे, कोळणीचा पाटा ठेवलाय. धुरी दिलेली हेरिंग तिथेच भट्टीवरून काढून देतात, कागदात गुंडाळून, गरम गरम. हातानं काटे काढत उभ्याउभ्या खाल्ली मी. चव आपल्या सुक्या बांगड्याच्या जवळची. डोळ्यांत पाणी आलं, धुरानंही आणि बाकीच्यानंही.

आता जरा चिडून लिहिणार आहे, कारण गाव गोड आहे म्हणून सगळंच गोड नाही.

याच संग्रहालयाचा दुसरा भाग एका जुन्या इमारतीत आहे, मिरीचं घर म्हणतात तिला. 1625 सालची. पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या एंकहौझन शाखेनं माल ठेवायला घेतली. 1602 साली कंपनी निघाली तेव्हा तिच्या सहा शाखा होत्या, त्यातली एक या एवढ्याशा गावात! घराच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलंय की नफ्याआधी खर्च येतो. मी ते वाचून तिथेच थांबले. खर्च कुणाचा? जायफळासाठी इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची हजारो माणसं 1621 साली मारली, उरलेल्यांना गुलाम करून नेलं. ते करवणारा यान पीटरसोन कून शेजारच्या होर्न गावचा. त्याचा पुतळा आजही होर्नच्या चौकात उभा आहे, 1893 पासून. लोकांनी आवाज उठवला तेव्हा 2012 साली खालच्या पाटीवर त्याच्या कृत्यांवरची टीका लिहिली गेली. पाटी बदलली हे चांगलं झालं. पुतळा मात्र तसाच आहे.

हे सगळं त्या दोन गावांत फिरताना अंगावर येतं. सुंदर कमानींची घरं बघताना सारखं वाटत राहतं की यातली एकेक वीट कुणाच्या तरी घामाची, कुणाच्या तरी रक्ताची. टूरची बस हे दाखवेल? ती लाकडी बूट दाखवेल.

आणि आपला संबंध तर केवढा! एंकहौझनचा एक पोरगा, यान ह्युखन फान लिन्शोटेन, 1583 साली गोव्यात उतरला. आर्चबिशपचा कारकून म्हणून. पाच वर्षं राहिला. गोव्याचा बाजार, माणसांचे कपडे, आंबा, नारळ, मसाले, सगळं टिपून ठेवलं, आणि पोर्तुगीजांनी जिवापाड लपवलेल्या सागरी वाटांची माहितीही. 1592 ला गावी परतला, 1596 ला ‘इटिनेरारियो’ हे त्याचं पुस्तक छापून आलं. त्या माहितीवर डच जहाजं पूर्वेकडे निघाली. मांडवीकाठी बसून एका कारकुनानं जे लिहिलं त्यानं अर्ध्या जगाचा व्यापार हलला. पुढे 1637 च्या सुमारास त्याच डचांनी आदिलशाहीच्या परवानगीनं आमच्या वेंगुर्ल्यात वखार टाकली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना रसद तिथून जायची. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या या वखारीतून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, डच कंपनीच्या मुख्य ठाण्यावर जायच्या आणि आज आपले इतिहासकार तीच डच पत्रं पुरावा म्हणून वापरतात.

मी हे आजोबांना सांगितलं. लिन्शोटेन त्यांना माहीत होता, वेंगुर्ला नव्हतं. फोनवर नकाशा काढून दाखवला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आम्हाला शाळेत जहाजं कुठून निघाली तेवढंच शिकवलं. कुठे पोचली आणि तिथे काय केलं, ते नाही." मला त्या माणसाबद्दल फार वाटलं. माफी मागितली नाही त्यांनी, मागायचं कारणही नव्हतं, ज्यांचा समुद्र सरकारनं बंद केला त्या घरातला माणूस तो. पण ऐकून घेतलं त्यांनी, मान खाली घालून, हातातली गाठ अर्धवट सोडून.

मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या गावच्या वखारीत आता काय आहे?"

काय सांगू? छप्पर नाही, भिंतीत झाडांची मुळं शिरलीत, पावसाळ्यात आत जाता येत नाही इतकं रान माजतं? लहानपणी आम्हाला तिकडे जाऊ नको म्हणायचे, साप असतात म्हणून. मी म्हटलं, भिंती आहेत. ते म्हणाले, "भिंती आहेत ना, मग होईल." आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही. ते "मग होईल" अगदी साधेपणानं म्हणाले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एंकहौझनमध्ये आजच्या इतकीच, वीसेक हजार माणसं होती. मग व्यापार गेला, माणसं गेली, घरं पाडून तटाच्या आत लोकांनी शेती केली, नंतर समुद्रही गेला. इतकं सगळं हरवलेल्या गावानं उरलेलं जपलं. त्यांच्याकडे पैसा आहे, हो. तो पैसा कुठून आला तेही वर लिहिलंय. तरी कोळ्याचं साधं घर विटा मोजून परत उभं करायला नुसता पैसा पुरत नाही. ते घर महत्त्वाचं आहे असं आधी कुणाला तरी वाटावं लागतं. आपल्याला किल्ल्याच्या पलीकडे काही वाटतच नाही. रापणीची होडी, मिठागरावरच्या माणसाचं खोपट, खारवलेल्या मासळीची बरणी, यातलं काय ठेवलंय आपण? माझ्या मामांची जाळ्याची सुई कुठे गेली हे घरात कुणालाही माहीत नाही.

सकाळी राग आला होता त्या गृहस्थांवर. लिहिता लिहिता तो उतरला. त्यांना कुणी दाखवलंच नसेल तर ते तरी काय करणार? टूरवाल्यावरचा मात्र उतरलेला नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: उघड्यावरचं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं, एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा. रात्र गावात काढा, कारण दिवसाचे पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले की बंदर गावच्या माणसांचं होतं. येताना त्याच रुळावर होर्नला उतरा आणि कूनच्या पुतळ्याखालची पाटी वाचा, नुसता पुतळ्याबरोबर फोटो काढून येऊ नका.

आणि वेंगुर्ल्याच्या मंडळींनो, गणपतीला मी येतेय. पाऊस उघडलेला असेल त्या सकाळी वखारीपाशी जमूया. कोयते, हातमोजे आणि कॅमेरा घेऊन. भिंतीला हात लावायचा नाही, ते जाणकारांचं काम. पण आतापर्यंत काय उभं आहे याचे नीट फोटो काढू, वाटेवरचं रान परवानगी घेऊन साफ करू, आणि ज्यांच्या घरी जुनी जाळी, सुया, वल्ही, मापं पडली असतील त्यांची यादी करू. कोण कोण येतंय ते खाली लिहा. परवानगीच्या अर्जाचं मी बघते.