एमसीबी पडते म्हणून मोठी एमसीबी बसवू नका

ग्वाल्हेरमध्ये थंडी पडली की गीझरबद्दलचे संदेश घराघरांत फिरू लागतात. यंदाचा ‘वीज वाचवा’ हा संदेश शहराच्या लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या आत्याने इतका मनावर घेतला की तिने वायरमनला बोलावून 16 अँपिअरच्या एमसीबीच्या (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन तोडणाऱ्या स्विचच्या) जागी 32 ची बसवायला सांगितले. काम होण्याआधी मला कळले म्हणून ते टळले. पण तोच संदेश आणखी कितीतरी घरांत पोहोचला असणार, म्हणून हे लिहीत आहे.

संदेशाचे पहिले म्हणणे आहे की व्होल्टेज उतरले की गीझर जास्त करंट ओढतो आणि बिल दुप्पट येते. हे साफ चूक आहे. गीझरवरच्या पट्टीवर 2000 वॉट, 230 व्होल्ट असे छापलेले असते. वॉटला व्होल्टने भागले की 8.7 अँपिअर हा करंट मिळतो आणि व्होल्टला त्या करंटने भागले की एलिमेंटचा (पाणी तापवणाऱ्या कॉइलचा) रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, मिळतो: सुमारे 26 ओहम. व्होल्टेज 180 वर आले तरी हा रेझिस्टन्स जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे करंट 6.8 अँपिअरवर उतरतो आणि गीझर जेमतेम 1225 वॉटने चालतो. पंधरा लिटर पाणी 30 अंशांनी तापायला सोळा मिनिटांऐवजी सव्वीस मिनिटे लागतील, पण वीज दोन्ही वेळा साधारण अर्धा युनिटच जळेल. फ्रिज किंवा पंपाची भार ओढणारी मोटर मात्र कमी व्होल्टेजवर खरोखरच जास्त करंट ओढते आणि तापते, एवढे मान्य करावे लागेल. मोटरची गोष्ट गीझरला लावण्याचे कारण मात्र मला दिसत नाही.

‘रेझिस्टन्स जितका जास्त तितकी उष्णता जास्त’ हा दुसरा दावा घरातल्या ठरलेल्या व्होल्टेजला नेमका उलटा लागू पडतो: 1000 वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स 2000 वॉटच्या एलिमेंटच्या दुप्पट असतो.

खरा धोका तिसऱ्या सल्ल्यात आहे: ‘एमसीबी सारखी पडत असेल तर दुप्पट अँपिअरची लावा.’ एमसीबी भिंतीतल्या तारेचे रक्षण करण्यासाठी असते. जेम्स जूलने पाण्यात बुडवलेल्या तारांवर प्रयोग करून 1841 मध्ये दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या घरांत पुष्कळदा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते, आणि जाणारी-येणारी मिळून अशी वीस मीटर तार धरली तर तिचा रेझिस्टन्स 0.24 ओहम होतो. एकट्या गीझरच्या करंटला ती 18 वॉट उष्णता सोडते. त्याच लाइनवर हीटर, इमर्शन रॉड आणि इस्त्री लावून करंट तिप्पट, म्हणजे 26 अँपिअर झाला, तर उष्णता नऊपट होऊन 160 वॉटच्या वर जाते आणि ती प्लास्टरखालच्या पाइपात कोंडून राहते. सोळाची एमसीबी अशा वेळी लाइन तोडते. बत्तीसची हलणारही नाही, आणि तोवर तारेवरचे इन्सुलेशन वितळू लागलेले असेल.

एकटा गीझर चालू असतानाही 16 ची एमसीबी पडत असेल, तर 8.7 अँपिअरला ती पडण्याचे कारणच नाही, तेव्हा दोष एलिमेंटमध्ये, जोडणीत किंवा खुद्द एमसीबीत आहे. मेन स्विच बंद करून, एलिमेंटच्या तारा सोडवून वायरमनला मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजायला सांगावे. 26 ओहमपेक्षा बराच कमी आला, किंवा एलिमेंट आणि टाकीच्या धातूमध्ये सलगता (वीज जाऊ शकेल अशी जोडणी) दाखवली, तर एलिमेंट बदलावे. एमसीबी बदलायचीच झाली तर ती 16 चीच घ्यावी.