घोडे-पक्षी तपासणं ही उधळपट्टी नव्हे

डासांमुळे होणाऱ्या आजारांसाठी घोडे आणि पक्षी तपासत बसणं म्हणजे पैशाची उधळपट्टी, असा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: आजार माणसांना होतो, तेव्हा रुग्णालयांची आकडेवारी पुरे. पक्षी काय, मरतच असतात. घोडाच रोग पसरवतो, त्याला वस्तीपासून लांब ठेवा. आणि डास मारले, घोड्यांना लस टोचली की तपासायला काही उरतच नाही. हे वाचून कुणी खरंच तपासण्या बंद करायची मागणी करू नये, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देतोय.

रुग्णालयांच्या आकडेवारीपासून सुरुवात करू. डासांतून पसरणाऱ्या आणि कधीकधी मेंदूज्वर करणाऱ्या वेस्ट नाईल विषाणूची लागण झालेल्या दर 10 जणांपैकी साधारण 8 जणांना काहीच होत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ताप आणि अंगदुखी होते, आणि तो ताप कशाचा हे सहसा कुणी तपासत नाही. मेंदूपर्यंत आजार पोचतो तो साधारण दीडशेत एकाला. म्हणजे मेंदूज्वराचा पहिला रुग्ण दाखल होतो, तेव्हा त्याच्यामागे लागण झालेली शंभराहून जास्त माणसं असू शकतात. डास चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 2 ते 14 दिवस जातात. मग दाखल होणं, मणक्यातलं पाणी काढणं, निकालाची वाट बघणं. एवढं होईपर्यंत डासांवर वेळेत काही करायची संधी बहुतेक हातची गेलेली असते.

शिवाय रक्तपेढ्यांचा प्रश्न आहे. हा विषाणू दान केलेल्या रक्तातूनही जातो, हे अमेरिकेत 2002 साली उघड झालं. इटलीत म्हणूनच एखाद्या प्रांतात डासांत किंवा पक्ष्यांत विषाणू सापडला, की तिथल्या रक्तदात्यांचं रक्त लगेच तपासायला घेतात. माणूस आजारी पडायची वाट बघत नाहीत. रुग्णालयाच्या आकड्यांवर विसंबून हे जमणार नाही.

‘पक्षी मरतच असतात.’ मरतात, खरं आहे. पण कोणते, किती, कुठे आणि एकाच वेळी का, हे बघणारं कुणीतरी हवं. 1999 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कावळे पटापट मरत होते. त्याच सुमाराला माणसांमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण निघाले आणि सेंट लुईस एन्सेफलायटिस (डासांमुळेच होणारा दुसरा एक मेंदूज्वर) असं निदान जाहीर झालं. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्यक विकृतिशास्त्रज्ञ (मेलेले प्राणी तपासून आजार शोधणाऱ्या) ट्रेसी मॅकनमारा यांना ते पटेना. त्यांच्याकडचे फ्लेमिंगो, पाणकावळे दगावत होते, आणि सेंट लुईसचा विषाणू सहसा पक्ष्यांना मारत नाही. घोड्यांना होणारा ईस्टर्न एन्सेफलायटिस हा मेंदूज्वर म्हणावा, तर त्याने आधी इमू पक्षी मरायला हवे होते. ते धडधाकट होते. मृत पक्ष्यांचे नमुने तपासायचा आग्रह त्यांनी सोडला नाही. सप्टेंबर संपायच्या आत निदान बदललं: वेस्ट नाईल. 1937 साली युगांडात पहिल्यांदा सापडलेला हा विषाणू तोवर अमेरिका खंडात कधी दिसलाच नव्हता. माणसांचा आजार नेमका कोणता, हे कळायला मेलेले पक्षी उपयोगी पडले.

हे एकदाच घडलं असंही नाही. नेदरलँड्समध्ये 2020 साली व्हाइटथ्रोट नावाच्या एका चिमुकल्या स्थलांतरी पक्ष्यात हा विषाणू मिळाला, मग त्याच भागातल्या डासांत मिळाला. त्यानंतर मेंदूज्वराच्या रुग्णांचे नमुने या संशयाने तपासले गेले, आणि तिथे लागण झालेली माणसं सापडली. जर्मनीत 2018 मध्ये पक्षी आणि घोडे, 2019 मध्ये माणसं, असाच क्रम होता.

घोडा रोग पसरवतो, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यापायी मुकी जनावरं भोगतात. वेस्ट नाईल, जपानी मेंदूज्वर आणि ईस्टर्न एन्सेफलायटिस या तिन्हींत घोड्याच्या रक्तात विषाणू इतका वाढतच नाही, की चावणाऱ्या डासाला तो लागावा. माणसाचंही तसंच. विषाणूचं चक्र चालतं ते पक्षी आणि डास यांच्यात. जपानी मेंदूज्वरात बगळ्यांच्या जोडीला डुकरंही असतात. घोडा आपल्यासारखाच त्यात सापडतो. त्याच्या ओठांचे आणि नाकपुड्यांचे स्नायू थरथरायला लागतात, मागचे पाय लटपटतात, वळताना तोल जातो. वेस्ट नाईलची अशी लक्षणं दिसलेल्या घोड्यांपैकी साधारण तीनात एक दगावतो. 2002 या एका वर्षात अमेरिकेत 14,000 हून अधिक घोडे आजारी पडले.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. व्हेनेझुएलन एन्सेफलायटिस या आणखी एका डासजन्य मेंदूज्वराच्या साथींत घोड्याच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो आणि त्याच्यापासून डासांना लागण होते. 1971 मध्ये ही साथ टेक्सासपर्यंत गेली होती. लटपटणारा घोडा समोर आल्यावर आजार यातला कोणता, हे नुसतं बघून सांगता येत नाही. रक्त तपासावंच लागतं.

डास मारावेत, यावर वाद नाही. पण कुठले आणि कुठे? सापळ्यात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ज्याच्याकडे डास ओढले जातात) ठेवून पकडलेल्या डासांमधून माद्या वेगळ्या काढायच्या, जातीनुसार निवडायच्या, पन्नासेकांचा एक गट करून तपासायचा. चिकाटीचं काम आहे आणि मोलाचं आहे. पण सापळा त्याच्या आसपासचंच सांगतो. पक्षी सगळीकडे हिंडतो, उघड्यावरच्या घोड्याला रात्रभर डास चावत असतात. काही ठिकाणी यासाठी मुद्दाम कोंबड्या ठेवतात. वेस्ट नाईलने त्या आजारी पडत नाहीत, त्यांच्यापासून डासांना लागणही होत नाही. पण रक्तात प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) दिसली की या आवारात विषाणू येऊन गेला हे पक्कं होतं.

लसीबद्दल दुमत नाही. वेस्ट नाईलची घोड्यांसाठी लस आहे, माणसांसाठी अजून बाजारात नाही, आणि घोडा पाळणाऱ्याने ती चुकवू नये. पण लस घोड्याला वाचवते, पक्ष्या-डासांतलं चक्र थांबवत नाही. उलट सगळे घोडे सुरक्षित झाले, की आजारी घोड्यावरून मिळणारा इशारा बंद होतो आणि पक्षी तपासण्याची गरज वाढते. लस घेतलेल्या घोड्यातही प्रतिपिंडं असतात, म्हणून नव्या लागणीसाठी आयजीएम (लागण झाल्यावर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं) शोधणारी वेगळी तपासणी करतात.

खर्चाबद्दल तक्रार करायचीच असेल, तर योग्य ठिकाणी करावी. नमुना घेतल्यावर निकाल महिन्याने येतो का? पशुवैद्यकीय प्रयोगशाळेला सापडलेला विषाणू आरोग्य खात्याला आणि रक्तपेढीला त्याच दिवशी कळतो का? कळत नसेल, तर पैसे तिथे वाया जातात.