किलिमांजारो किती दिवसांत? सहा नको, सात तरी

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की पुण्यात किलिमांजारोचे, म्हणजे टांझानियातल्या आफ्रिकेच्या सर्वांत उंच डोंगराचे, बेत शिजायला लागतात. वर तिरंगा फडकवायचा असतो. तारखांचं नशीब चांगलं, कारण जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे तिथले कोरडे महिने. घोळ होतो तो दिवसांच्या हिशेबात. आधी रजा मोजतात आणि मग डोंगर त्यात कोंबतात.

"दोर-बिर काही लागत नाही, नुसतं चालणं आहे" हे अगदी खरं. आणि म्हणूनच माणूस भराभर चढतो आणि अडकतो. पुणे ५६० मीटरवर, कळसूबाई १,६४६. किलिमांजारोच्या मचामे वाटेची सुरुवात, मचामे गेट, साधारण १,८०० मीटरवर आहे. म्हणजे तिथे पहिलं पाऊल पडतं तेच कळसूबाईच्या वर. शिखर ५,८९५ मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. आतकरवाडीतून सिंहगड पाऊण तासात मारणाऱ्याचं रक्तही विरळ हवेला सरावायला तेवढेच दिवस घेतं. उलट असा गडी पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे धावतो आणि तिसऱ्या रात्री डोकं धरून बसतो. तिथले गाईड दिवसभर 'पोले पोले' म्हणत असतात, म्हणजे हळूहळू. त्यांचं ऐका.

३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा डोंगरातला सर्वसाधारण नियम. आता पाच दिवसांची मरांगू वाट बघा. मुक्काम असे: मंडारा २,७२०, होरोम्बो ३,७२०, किबो ४,७२०. रोज हजार मीटर, आणि तिसऱ्याच रात्री शिखराला निघायचं! या वाटेवर तंबूऐवजी लाकडी हट्स आहेत, म्हणून ती सोपी वाटते. तीच घ्यायची असेल तर होरोम्बोला एक जादा मुक्काम ठेवा.

मचामे वाट मला जास्त पटते. तिसऱ्या दिवशी ती लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे साधारण ४,६०० मीटरवर नेते आणि रात्री झोपायला बरांकोला ३,९५० च्या आसपास खाली आणते. शरीराला चव दाखवून परत आणायचं. पण ही वाट सहा दिवसांचीही विकतात आणि सात दिवसांचीही. फरक फक्त कारांगा कॅम्पचा. सहा दिवसांत बरांकोची भिंत चढून कारांगा ओलांडायचं, त्याच दिवशी ४,६७३ मीटरवरचं बराफू गाठायचं, संध्याकाळी चार घास खायचे आणि मध्यरात्री शिखराला निघायचं. झोप नाही, भूक मेलेली, पाय आधीच थकलेले. सात दिवसांत हाच टप्पा दोन दिवसांत विभागतो आणि बराफूला दुपारीच पोचून अंग टेकता येतं. लेमोशो या दुसऱ्या वाटेचे आठ दिवस परवडत असतील तर त्याहून उत्तम.

जादा दिवसाला पैसे पडतात, मान्य. उद्यानाचं शुल्क आणि तंबूचे पैसे मिळूनच दिवसाला शंभर डॉलरच्या वर जातात. रजेचं गणित मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघा, रविवारी चढायला लागा, पुढच्या शनिवारी खाली, सोमवारी परत. सहा रजा. सहा दिवसांच्या वाटेने यातली फार तर एक वाचते, आणि तीही लोक सफारीत घालवतात.

सरावाबद्दल एकच आग्रह: उतरण्याचा सराव करा. शिखराच्या दिवशी बराफूपासून १,२०० मीटर चढायचं आणि मग ५,८९५ वरून म्वेका कॅम्पला ३,१०० पर्यंत उतरायचं. सिंहगडाचा चढ सहाशे मीटरचा धरला तर साडेचार सिंहगड सलग उतार. गुडघे आणि अंगठ्यांची नखं तिथेच जातात. पाठीवर सहा-सात किलो घेऊन एका सकाळी दोनदा गड चढा-उतरा. बूट जाड मोज्यांसकट अर्धा नंबर मोठे घ्या, आणि घरून निघण्याआधी नखं कापा. शिखराची चाल रात्रीची असते, तेव्हा एकदा कात्रज-सिंहगड रात्री करून हेडलॅम्पची सवय करा.

सामानात स्लीपिंग बॅगवरचा 'कम्फर्ट'चा आकडा बघा, 'एक्स्ट्रीम'चा नाही. दुसऱ्या आकड्यात माणूस जगतो, झोपत नाही. शिखराच्या रात्री उणे १५ सहज असतं. पाण्याच्या पिशवीची नळी सगळ्यात आधी गोठते. म्हणून रुंद तोंडाच्या बाटल्या न्या आणि उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतो. साध्या वापरून फेकायच्या बाटल्यांना तिथे बंदी आहे. फोन आणि बॅटऱ्या रात्री अंगाशी. बराफूला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ कच्ची राहते. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं न्या, भात तरी घशाखाली उतरेल. बूट विमानात पायातच ठेवा. बॅग चुकली तर बाकी सगळं पायथ्याच्या मोशी गावात भाड्याने मिळतं, पायाला बसलेले बूट मिळत नाहीत.

डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, घाबरू नका. मलेरियाचंही त्याच भेटीत विचारा. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी, नाहीतर परतताना इथल्या विमानतळावर अडवतात. विमा घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का, हे लेखी घ्या. नेहमीच्या प्रवास विम्यात बहुधा नसतं.

डोकेदुखी, मळमळ असेल तर त्या उंचीवरच थांबा. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री उतरवायचं. म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: एकाला खाली न्यायचं झालं तर त्याच्यासोबत कोण जाणार आणि वर उरलेल्यांसोबत कोण राहणार? आठ जणांमागे एकच गाईड सांगितला तर दुसरी कंपनी बघा.