मी बघतो

सोलापुरातल्या आमच्या प्रोग्रामिंगवाल्यांच्या गटात दर सोमवारी एक कोडं पडतं. रविवारपर्यंत ज्यानं त्यानं ते पायथनमध्ये, जावामध्ये, जमेल त्यात सोडवायचं. हे सगळं सांभाळणाऱ्या दादाला मुलगी झाली आणि त्यानं विचारलं, "पुढच्या सोमवारपासून कोण बघणार?" गटावर मे महिन्यातल्या भर दुपारच्या सात रस्ता चौकापेक्षाही जास्त सामसूम. ती काही मला सोसेना. मी लिहिलं, "मी बघतो."

लगेच जोडलेले हात, फुलं, फटाके. एरवी आठवडाभर 'मेसेज बघितलाच नाही बे' म्हणणारेसुद्धा अभिनंदन करून मोकळे झाले.

कोडं सोडवणाऱ्याला एक उत्तर आलं की भागतं. घालणाऱ्याचं तसं नाही. रिकामी ओळ आली तर काय, शून्य आलं तर काय, ऋण आकडा आला तर काय, असं रात्री अकराला फोन करून विचारणारे असतात. पगारासाठी कोड लिहिताना यांना शून्य कधी आठवत नाही, हे मी त्यांच्याच ऑफिसातल्यांकडून ऐकलंय.

सुरुवातीलाच मी मराठी कोडं टाकलं. वाक्य उलटंसुलटं सारखं आहे का ते ओळखा. उदाहरण, 'रामाला भाला मारा'. युनिकोडमध्ये 'रा' म्हणजे आधी र, मग काना, असे दोन तुकडे. नुसतं उलटं केलं की काना पुढं आणि र मागं. सगळ्यांचे प्रोग्राम एकमुखानं म्हणाले, "नाही." खरी मेख तिथंच होती आणि ती मी मुद्दाम मारली होती, पण ऐकतो कोण! एकानं 'चिमा काय कामाची' पाठवलं. पहिली ऱ्हस्व, शेवटची दीर्घ, द्या निकाल. त्याला अर्धे गुण दिले, तर बाकीचेही अर्धे मागायला आले.

मग म्हटलं, गावचं काहीतरी द्यावं. चादर! जेकार्ड मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा जातो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. फ्रान्समधल्या जाकारनं हे १८०४ च्या सुमारास आणलं आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डांची युक्ती उचलली. म्हणजे आपल्या पूर्व भागातल्या विणकरांकडं आमच्या कितीतरी आधीपासून प्रोग्रामिंग चाललंय, फक्त पगार पुण्याचा नव्हता. तर कोडं असं: भोक म्हणजे १, बंद म्हणजे ०, कार्डं तयार करा आणि नक्षी छापा. मोर काढणाऱ्याला जादा गुण.

गटातल्या एका पोराचे वडील कारखान्यात कार्डं पाडायचे. पोरानं त्यांना आपला मोर दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लावलं आणि मोराच्या पोटावर बोट ठेवलं. "एकाच धाग्याला इतक्या कार्डांत सलग भोक? एवढा धागा सुटा राहिला तर पांघरणाऱ्याच्या पायाचं बोट अडकंल की."

गटावर खळबळ. सलग शून्यं तरी चालतील का? काका म्हणाले, "चादर दोन्ही बाजूंनी पांघरतात." मग सलग किती चालतील, ते तरी सांगा. "सूत बघून सांगतो."

सूत बघून! हा नियम जावात कसा लिहायचा, यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी सगळ्यांनी काकांनाच गटात घेतलं. आता ते मला विचारतात, "हे तपासणं शेवटी कशाला ठेवलंय? आम्ही कार्ड पाडायच्या आधी बघायचो." त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांचं बरोबर आहे असं गटावर लिहिलं की जावावाले चिडतात.

रविवारी काकांनी आलेले सगळे मोर तपासले आणि एकच पास केला. तो त्यांच्या पोराचा नव्हता. पोरगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.