महागडे भिंग आणि चष्म्यापासून कायमची सुटका : एका दाव्याची तपासणी

घरात कोणाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास येतो : मल्टिफोकल, म्हणजे लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले की चष्मा कायमचा सुटतो, तरुणपणीची नजर परत येते, भिंग जितके महाग तितके ते चांगले, आणि तरीही रुग्ण कुरकुरत असेल तर शस्त्रक्रियाच बिघडली असे समजावे.

यातला चष्म्याचा भाग बराचसा खरा आहे. साध्या, म्हणजे एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखवणाऱ्या मोनोफोकल भिंगाने लांबचे स्वच्छ दिसले तरी वर्तमानपत्रासाठी चष्मा लागतोच. मल्टिफोकलवाल्यांपैकी पुष्कळांना तो लागत नाही. मात्र गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख मंद दिव्यात वाचायची झाली की त्यांच्यातलेही काही जण चष्मा शोधू लागतात.

‘तरुणपणीची नजर’ हे मात्र साफ चूक आहे. तरुण डोळ्यातले नैसर्गिक भिंग आकार बदलून जवळचे स्पष्ट दाखवते; मल्टिफोकल भिंग आकार बदलत नाही, ते डोळ्यात आलेला प्रकाश लांबच्या आणि जवळच्या प्रतिमांमध्ये वाटून देते. वाटणी झाली की प्रत्येकीच्या वाट्याला कमीच येणार. त्यामुळे रंग उडालेला गतिरोधक तिन्हीसांजेला डांबरातून वेगळा ओळखणे जड जाऊ शकते, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती वलये दिसतात. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत त्यांना सरावतो. काहींचा सरावत नाही. रात्रपाळीचा ट्रकचालक आणि दुपारी खिडकीपाशी पोथी वाचणाऱ्या आजी यांना एकच सल्ला देता येत नाही तो यामुळेच.

किमतीचे म्हणाल, तर मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालेला असेल किंवा काचबिंदू बळावलेला असेल, तर प्रकाशाची वाटणी करणारे भिंग सहसा टाळतात. तिथे स्वस्त, साधे भिंगच बहुधा हिताचे ठरते.

राहिली कुरकुर. तक्त्यावरची ६/६ ची ओळ घडाघडा वाचणारा रुग्णही नाराज असू शकतो, आणि त्याचे कारण अनेकदा उरलेला थोडासा सिलिंडर नंबर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर), डोळ्यांचा कोरडेपणा किंवा कृत्रिम भिंग ज्या नैसर्गिक पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर आलेली साय, असे उपचार करण्याजोगे असते. साय लेसरने पिशवीला मागून भोक पाडून दूर करतात. पण खरी तक्रार भिंगाचीच असेल तर लेसरची घाई महागात पडते, कारण असे भोक पडल्यावर ते भिंग काढून दुसरे बसवणे बरेच जोखमीचे होते.