बोटीवरचे नखुले

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. दिवसाला वीस चपात्या धरल्या (सासू-सासरे, दीर, दोन मुलं, आला-गेला, आता दोघंच उरलो, पण सरासरी ती सरासरी), तर अडीच लाखांच्या वर चपात्या माझ्या हातून झाल्या. भाकरी वेगळ्या. हा हिशोब मी सांगलीत कधी केला नव्हता. तो केला एड्रियाटिक समुद्रात, एका चकचकीत स्वयंपाकघराच्या दारात, पायात बूट घालून उभी असताना.

मुळात क्रूझला मी तयार झाले ती एकाच कारणासाठी. लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, सात दिवस तुला स्वयंपाकघराचं तोंड बघायला लागणार नाही. ताट समोर येतं आणि कुणीतरी ते उचलून पण नेतं." त्यातलं दुसरं वाक्य मला जास्त भावलं. हे नुकतेच बँकेतून निवृत्त झाले होते, हातात पैसे होते आणि घरात बसून माझ्या डब्यांना लेबलं लावायचं काम त्यांनी सुरू केलं होतं. म्हटलं, चला. डबे तरी वाचतील.

सामानात पाच पुड्या भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि चहासाठी विजेची किटली. किटली इटलीतल्या त्रिएस्ते बंदरावरच गेली. तपासणी करणाऱ्या मुलीनं ती दोन बोटांत धरून अशी बाजूला ठेवली, की जणू बॉम्बच सापडला. बोटीवर पाण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त असते, त्यामुळं किटली, इस्त्री, तापणारं काहीही खोलीत न्यायचं नाही. उतरताना परत देतो म्हणाली. सीलबंद भडंगाला मात्र तिनं काही म्हटलं नाही. वास आला नसणार.

मग सगळ्यांना गोळा करून संकटात काय करायचं त्याची तालीम. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की जॅकेट घेऊन ठरल्या जागी जमायचं. शेजारचं जोडपं गंभीर होऊन ऐकत होतं. आम्ही सांगलीची माणसं. आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडं पोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणतात. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा भोंगा वाजवायलाही कुणी मोकळं नव्हतं. पाणी आलं तर गहू आधी माळ्यावर टाकायचा, एवढं मी त्या बाईंना सांगणार होते. पण इंग्रजीत 'माळा' आठवला नाही.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्यावर यांनी खिशातून एक पाकीट काढलं. चेहरा असा, की नेकलेस आहे.

आत होतं पास्ता करायच्या वर्गाचं तिकीट. दोघांचं. स्वतःच्या हातानं करायचं, खायचं, शेवटी प्रमाणपत्र.

"तुला आवड आहे म्हणून घेतलं," हे म्हणाले.

"आवड आहे असं कुणी सांगितलं?"

"पस्तीस वर्षं रोज करतेस की!"

"तुम्ही पस्तीस वर्षं रोज बँकेत जात होता. आता सहलीला आलाय म्हणून तुम्हाला इथल्या बँकेत नेऊन बसवू?"

हे गप्प बसले. पण तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत असं पाकिटावर छापलेलं होतं, आणि डॉलरचे रुपये करून बघितल्यावर मलाही वाटलं की ते वाया घालवणं पाप आहे. त्या पैशात आमच्या विश्रामबागेत चपात्या करायला येणाऱ्या मावशींचा दोन महिन्यांचा पगार झाला असता.

तर बूट. वर्गाचा नियम असा की पाय पूर्ण झाकलेले हवेत, चप्पल चालणार नाही, सुरी पडली तर बोट तुटेल. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात चपलेचं नाव काढलं तरी ती चिमटा घेऊन अंगावर यायची. आणि इथं मी ओट्यापुढं बूट-मोजे घालून उभी. आत पाऊल टाकताना नकळत उजवा हात गळ्याशी गेला. आजी, माफ कर.

बारा ओटे, एकेका ओट्यावर दोघं दोघं. प्रत्येक ओट्यावर छोट्या काचेच्या वाट्यांत सगळं मोजून मांडलेलं. एका वाटीत रवा, एकीत मीठ, एकीत तेल, एकीत लसणाच्या तीन पाकळ्या, एकीत अर्धी लाल मिरची. अख्ख्या वाटीत अर्धी मिरची! सत्यनारायणाची पूजा मांडावी तसं सगळं. मी सवयीनं इकडं तिकडं केळीचे खांब शोधले. या मांडणीला फ्रेंचमध्ये 'मिझां प्लास' म्हणतात, प्रत्येक वस्तू आपल्या जागी, असं शेफनं सांगितलं. यांनी ते वहीत लिहून घेतलं. हा शब्द पुढं मला फार महाग पडणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

शिकवायचा पदार्थ होता ओरेक्किएत्ते. इटालियनमध्ये याचा अर्थ छोटे कान. इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतातला पास्ता. अंडं नाही, काही नाही. डुरम गव्हाचा रवा आणि कोमट पाणी. घट्ट मळायचं, झाकून ठेवायचं, बोटाएवढ्या जाड वळ्या करायच्या, त्याचे छोटे तुकडे कापायचे, बोथट सुरीनं तुकडा ओढला की तो आत वळतो, मग अंगठ्यावर उलटा करायचा. झाला कान.

शेफनं पहिला कान करून दाखवला आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "अहो, हे नखुले आहेत!"

शप्पथ सांगते. उन्हाळ्यात आजी माजघरात आम्हा सगळ्या नातींना बसवायची आणि रव्याच्या पिठाचे गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले वळून घ्यायची. लग्नघरात तर गव्हल्यांचा मुहूर्त असायचा. नखुला म्हणजे चिमूटभर पीठ नखानं दाबून सोडायचं. आजी गप्पा मारता मारता सूप भरायची. आमचं झालेलं ती उन्हाला धरून बघायची आणि जाड असेल तर परत मोडायची. चाळीस वर्षांत मी नखुल्यांना हात लावला नव्हता. पण हाताला कुणी विचारत नाही. अंगठा आपला आपण चालायला लागला.

मधेच बोट डुलली. या बोटींच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारख्या पट्ट्या असतात, त्या डुलणं कमी करतात. कमी करतात, बंद नाही करत. आमच्या ओट्यावरची वळी गडगडत शेजारच्या ओट्यावर गेली आणि शेजारच्या आजोबांनी ती आपली समजून कापून टाकली. विजेच्या शेगडीवरच्या पातेल्यात पाणी एकदा माझ्याकडं येत होतं, एकदा यांच्याकडं. पाणी समुद्रासारखं खारट हवं, असं शेफ सांगत होता आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. म्हटलं, बादली सोडा की.

या सगळ्यात माझं खरं लक्ष होतं एका मुलावर. काळा अॅप्रन, हातात मोठा ट्रे. कुणी वाटी रिकामी केली की हा मागून यायचा आणि वाटी नाहीशी. सुरी खाली ठेवली की नाहीशी. पीठ सांडलं की फडकं फिरवून मोकळा. ओटा सदोदित कोरा. मी मुद्दाम एक वाटी रिकामी करून ठेवली आणि मोजलं. चार आकडेही झाले नाहीत. मी त्याच्याकडं इतकी बघत होते की शेवटी तोच जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, काही हवंय का?"

मुलगा चिपळूणचा निघाला. आत्या मिरजेत. गुरुवार असल्याचं मी त्याला सांगितलं, तर आमच्या ओट्यावरची अँचोवीची, म्हणजे खारवलेल्या बारक्या माशांची वाटी तेवढी त्यानं गुपचूप उचलली. जगात कुठंही जा, गुरुवार समजणारा एक माणूस असतोच.

आता निकाल. वीस मिनिटांत माझे साठ-सत्तर नखुले झाले होते, सगळे एका मापाचे, ओळीनं मांडलेले. यांचे झाले होते नऊ. एक कान हत्तीचा, एक उंदराचा, एक नुसताच गोळा, आणि एकाला मधोमध भोक. शेफ आला. माझ्या ओळींकडं बघून त्यानं मान हलवली. फार छोटे. वाटी खोल हवी, तिच्यात रस थांबतो. हे तर तांदळासारखे. पुन्हा करा.

मग तो यांच्याकडं वळला. हत्तीचा कान त्यानं दोन बोटांत उचलला, उजेडाला धरला (अगदी आजीसारखा) आणि ओरडला, "रस्टिक!" कडा जाड, पाठ खरबरीत, हाताचा ठसा दिसतोय, घरगुती पास्ता असाच असतो म्हणे. सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून आमच्या गावात रंगमंच दिसला की कुणाचाच तोल राहत नाही.

पुढचं पटकन सांगते. चिमे दी रापा नावाचा कडसर पाला, मुळ्याच्या पाल्याच्या जवळचा, तेलात परतायचा. त्या तेलात लसूण घालायचा आणि मग तो लसूण काढून टाकायचा. काढून! मी विचारलं, का? वास उतरला, काम झालं. आमच्याकडं तीन पाकळ्यांत एका माणसाची चटणी होत नाही आणि हे त्या तीनसुद्धा बाहेर काढून ठेवतात. पास्ता दाताखाली लागला पाहिजे म्हणून शेफनं तो उतरवला, तेव्हा मी "अजून दोन मिनिटं" म्हणाले. आमच्या सासऱ्यांना असा वाढला असता तर त्यांनी ताट सरकवून 'भात कच्चा आहे' एवढंच म्हटलं असतं आणि आठवडाभर घरात शांतता नांदली असती.

प्रमाणपत्रं दोघांनाही मिळाली. फोटो यांचा निघाला, टोपीसकट.

स्प्लिट, कोर्फू, सँटोरिनी सगळं फार सुंदर आहे. फोटो आहेत, घरी आलात तर हे दाखवतील. नाही म्हणालात तरी दाखवतील. मला सांगायचंय ते बारीचं.

बारी हे पुलियाचं मुख्य शहर. जुन्या गावात आर्को बासो म्हणून एक कमान आहे, तिच्या आतल्या गल्लीत बायका घराच्या दारात टेबलं मांडून ओरेक्किएत्ते वळत बसतात. जाळीच्या लाकडी चौकटींवर ते वाळत घातलेले. समोरून माणसं चाललीयत, बायकांचं बोलणं सुरू आहे, आणि सुरी चालते आहे खट खट खट. गणपती पेठेतून माझ्या माहेरच्या माजघरात शिरावं तसं वाटलं मला. फरक एवढाच की इथं वळलेलं विकतात; आमच्या आजीनं सगळं फुकट वाटलं.

एका सत्तरीच्या बाईंच्या टेबलापुढं आम्ही थांबलो. माझा हात आपोआप पुढं गेला. त्यांनी सुरी माझ्याकडं सरकवली. मी पाच-सहा वळले. त्यांनी एक उचलून बघितला, हसल्या, अंगठ्यानं थोडा खोल करून दाखवला आणि माझेही आपल्यातच वाळत टाकले. एवढ्यात हे पुढं झाले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी त्या बाईंना प्रमाणपत्राचा फोटो दाखवला, टोपीसकट. बाईंनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि सुरी त्यांच्या हातात दिली.

यांनी हत्तीचा कान केला.

बाईंनी तो पाहिला. मग पाचही बोटांची टोकं जुळवून हात वरखाली हलवला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाल्या. चार दारांतल्या बायका पोट धरून हसल्या. अर्थ विचारायची गरज पडली नाही. हत्तीचा कान मोडून परत पिठात गेला.

पण बोटीवरच्या टाळ्या तेवढ्या घरी आल्या. प्रमाणपत्र फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागलं, निवृत्तीच्या मानचिन्हाच्या शेजारी. आणि पहिल्याच रविवारी हे म्हणाले, "आज तू आराम कर. आज मी."

गणपती पेठेत जाऊन यांनी डुरम गव्हाचा रवा मागितला. दुकानदारानं तीन वेळा ऐकलं आणि खपली गहू पुढं केला. मग यांनी मला फोन केला. अहो, डुरम म्हणजे आपला बन्सी. बन्सी रवा मागा की. दुकानदाराच्या मागच्याच पोत्यात होता.

"आता फक्त मिझां प्लास करून दे," हे म्हणाले आणि टोपी घातली. बोटीवरून विकत आणली होती.

म्हणजे मी रवा मोजला, लसूण सोलला, मुळ्याचा पाला निवडला, मिरच्या चिरल्या (अर्धी नव्हे), प्रत्येक गोष्ट वेगळ्या वाटीत काढली. ह्यांनी वाट्या एकामागून एक पातेल्यात उपड्या केल्या आणि रिकामी झालेली वाटी न बघता मागं धरली. मागं चिपळूणचा मुलगा नव्हता. मी होते. मी वाटी घेतली नाही, तेव्हा त्यांनी ती ओट्यावर ठेवली. मग पुढची. मग परात, दोन कढया, तीन चाळण्या आणि माझी पुरणाची जाळी. ती कशाला लागली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चव बरी होती. खोटं कशाला बोलू? लसूण काढायच्या आधी मी कढईपुढं जाऊन उभी राहिले होते.

सोमवारी सकाळी भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. मोरीकडं बघून दारातच थबकल्या.

"वैनी, काल काय कार्य होतं व्हय? किती पानं उठली?"

"दोन," मी म्हणाले.