रंगवलेली काच अजून मोडीत निघालेली नाही

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘कॅन्सरचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं जुनं झालं. जीन टेस्ट करा, कुणाला कुठलं औषध ते आपोआप ठरतं. रंगावरून ठरवणं म्हणजे नुसता अंदाज.’

जुनं आहे, कबूल. पेशींची केंद्रकं जांभळी करणारा रंग, हिमॅटॉक्सिलिन, आजही लॉगवूड झाडाच्या लाकडातूनच काढतात. पण जुनं म्हणजे निकामी, हे कुणी ठरवलं?

आता जीन टेस्ट. रक्तावरच्या चाचण्या सोडल्या, तर तिला लागणारा डीएनए येतो त्याच मेणाच्या ब्लॉकमधून, म्हणजे कॅन्सरचा तुकडा मेणात बसवून ज्याचे पातळ काप स्लाइडसाठी घेतात त्यातून. पॅथॉलॉजिस्ट आधी गुलाबी-जांभळी स्लाइड बघतो, ट्यूमर दाट आहे तिथे पेननं गोल करतो, ट्यूमरच्या पेशी किती टक्के ते लिहितो. शेजारच्या कापातला तेवढाच भाग खरवडून पुढे जातो. नुसत्या लिम्फोसाइट्सनी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींनी) भरलेला कोपरा गेला, तर असलेलं म्युटेशनही रिपोर्टमध्ये ‘नाही’ म्हणून येऊ शकतं. म्हणजे जिला मोडीत काढायला निघालात, तिच्याच खुणेवर तुमची जीन टेस्ट उभी!

शिवाय अनेक औषधं जीनला नव्हे, प्रथिनाला पकडतात. स्तनाच्या कर्करोगातलं हर-२ हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन घ्या. अँटिबॉडीला रंग जोडून (लॅबमध्ये याला ‘आयएचसी’च म्हणतात) पेशीच्या कडेवर ते दाखवतात. १० टक्क्यांहून जास्त पेशींना गडद तपकिरी, अखंड कडा असेल, तारेच्या जाळीसारखी, तर गुण ३+. कडा अखंड पण फिकी असेल तर २+, आणि मग जीनच्या प्रती मोजायला फिश टेस्ट. अमेरिकेत १९९८ मध्ये हर-२ला पकडणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली, तीही अशाच स्टेन टेस्टच्या जोडीनं. पुढची गोष्ट त्या मजकुराला फारच अडचणीची आहे. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन (त्याच औषधाला केमोचं औषध जोडलेलं) ‘हर-२ लो’ रुग्णांसाठीही मंजूर झालं. म्हणजे १+ (कडा जेमतेम दिसणारी, तुटक), किंवा २+ पण जीनच्या प्रती वाढलेल्या नाहीत असे. प्रती मोजून हे रुग्ण सापडलेच नसते. ते सापडतात त्या फिकट तपकिरी कडेवरून.

राहिला ‘अंदाज’. तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात), तिथे ६ ते ७२ तास, प्रत्येक खेपेला सोबत कंट्रोल स्लाइड (जिचा निकाल आधीच माहीत आहे अशी): एवढी शिस्त पाळून येणाऱ्या आकड्याला मी अंदाज म्हणणार नाही. तरी ० की १+ यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होत नाही, असं घडतं. मजकुरातला खरा भाग तेवढाच, आणि अशा वेळी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवतात.